पीळ

दुकान मुद्दामच लांबचं निवडलं.
आमच्या व्हिया कॉन्सुएलोत सगळे ओळखतात मला:
एरिदानिया, दोन्या मिलाग्रोसच्या सलूनातली,
बावीस वर्षं एका हातात ब्रश, एका हातात ड्रायर.
माझ्या हाताखालून गेलेला केस
आठवडाभर नाकासमोर चालतो, असं म्हणतात.

आणि आज मी जेलच्या फळीसमोर,
गुत्त्यात पाद्री शिरावा तशी.

रविवारी यानेली खुर्चीत बसेना.
अकरा वर्षांची. केस ओले, हात पाठीमागे.
रडली नाही. म्हणाली,
"मामी, तो जळका वास नको."
मला तो वास येतच नाही आता.
"मला बघायचंय ते कसे असतात."
ते, म्हणजे जणू न्यूयॉर्कला राहणारे
कधीच न भेटलेले नातेवाईक.

फळीवर एक हिरवं, एक मधाच्या रंगाचं,
एक पाण्यासारखं नितळ, त्यात अडकलेले बुडबुडे
वर जायचं विसरून गेलेले.
मागची अक्षरं मुंगीएवढी, चष्मा सलूनात.
शेजारची बाई वाचून दाखवते:
ग्लिसरीन पहिल्या तीन-चारांत असेल तर ठेव खाली,
ते हवेतलं पाणी ओढतं,
आणि आपली हवा तर पिळून बादली भरावी अशी,
मालेकोनला पोचेस्तोवर डोक्याचा कापूस.
प्रोटीनचं मात्र केस बघून ठरव.
"कसे आहेत तिचे?"

हजारो डोकी गेली या हातांखालून
आणि पोटच्या पोरीच्या केसांबद्दल
मला एकच शब्द सुचला: कठीण.

वाईट केस म्हणतो आम्ही, प्रेमानेसुद्धा.
बाळाच्या कानामागे बोट फिरवून
पहिल्याच दिवशी निकाल लागतो.
यानेलीच्या वेळी बोट माझ्या आईचं होतं.
"असू दे," म्हणाली, "आई सलूनवाली आहे."
सगळे हसले. मीही, टाके दुखेपर्यंत.

बाई सांगतच होती: नाहीतर घरी जवस उकळ,
धागा सुटला की लगेच उतरव,
गरम असतानाच जुन्या स्टॉकिंगमधून गाळ.
फ्रिजमध्ये आठवडा टिकतं, पण घरात सांगून ठेव,
आमच्या फाउस्तोने एकदा...
पुढचं तिला हसण्यामुळे सांगता आलं नाही.

मग माझ्या तळव्यावर तिने थेंब थेंब लावून पाहिलं,
तिच्या पिशवीतलं क्रीम आणि वर जेल.
हिरवं दूध फाटावं तसं फाटलं.
मधाच्या रंगाचं मिसळून गेलं.
एवढ्यावरच घेतलं मी ते. तीनशे चाळीस पेसो.

घरी गॅलरीत यानेली डोकं खाली घालून,
मी मुठीमुठीने केस वर दाबत.
वाळू लागले तसे ताठ झाले, कडक,
तळलेल्या केळ्याच्या काठांसारखे.
पोर घाबरली. मी जास्त.
पूर्ण वाळेपर्यंत हात लावू नकोस, बाईने बजावलं होतं.
या हातांना थांब असं
आजवर कुणी म्हटलं नव्हतं.
तेवढ्यात वीजही गेली,
म्हणजे ड्रायरचा मोहसुद्धा गेला.

अंधार पडताना मुठीत धरून चुरगळले.
कुर्रर्र आवाज झाला, पापुद्रा मोडला,
आणि आतून मऊ.
कपाळावर सैल, कानामागे स्प्रिंगा,
मानेशी एक बट सगळ्यांच्या उलट फिरणारी.
सुंभ जळला तरी पीळ जात नाही,
हे मी चिमटा पेटवताना वैतागून म्हणायची.
वळण लागावं म्हणून
सरळ करत होते मी तिला.

यानेली मेणबत्ती घेऊन आरशात बघत राहिली.
"ही उलटी कुणाची?" तिने विचारलं.
मला माहीत नव्हतं.

ती झोपल्यावर हात धुवायला गेले.
बोटाला थोडं जेल राहिलं होतं.
माझ्या मानेशी, खाली, ड्रायर पोचत नाही तिथे
बोटभर नवे केस आहेत.
नळ उघडला. बंद केला.
चाचपून पाहिलं, कुठल्या बाजूला फिरतात ते.

उद्या शुक्रवार. फुटपाथपर्यंत रांग.